लाइन तर चांगली होती

नमस्कार ताई,

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे आणि चार महिन्यांपासून प्रत्यक्ष लढाईच्या भागात आहे. हे युद्ध सुरू झालं तेव्हा जी कारणं सांगितली गेली ती आता कुणी सांगत नाही, नवीनच सांगतात. ती पटतात असं मला म्हणवत नाही आणि सगळी खोटी आहेत असंही म्हणवत नाही. गेल्या महिन्यात मैत्रिणींबरोबर मी एका मूक निदर्शनात उभी राहिले. त्याचा फोटो बाबांपर्यंत पोहोचला. 'पोरगा तिकडे गोळ्या झेलतोय आणि ही इकडे फलक धरून उभी,' एवढं ते आईला म्हणाले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मैत्रिणींचं उलटंच. भावासाठी मोजे विणत बसले होते, तर एक म्हणाली, 'जायला कुणी तयारच झालं नाही तर युद्धं होतील कशी? आणि तू मोजे विणतेस!' मला उत्तर सुचलं नाही.

पण पत्र लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. भावाचा फोन कधीही येतो, तीन-चार मिनिटांचा. मागच्या वेळी त्याने मध्येच विचारलं, 'ताई, आम्ही इथे बरोबर करतोय ना गं?' मी 'हॅलो, हॅलो, आवाज कट होतोय' म्हणाले आणि फोन ठेवला. लाइन चांगली होती. आता पुढच्या फोनला काय सांगू? आणि मी दोन्हीकडे खोटं वागतेय का?

— एक थोरली बहीण

प्रिय थोरली बहीण,

आधी फोनचं बोलू. बाबा आणि मैत्रिणी थांबतील, फोन कधीही वाजेल.

त्याचं वाक्य तू जसंच्या तसं लिहिलंस हे फार बरं केलंस. मी ते दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. 'हे युद्ध योग्य आहे का' असं त्याने विचारलेलंच नाही. 'आम्ही' म्हणालाय, म्हणजे बहुतेक तो आणि त्याच्या तुकडीतली, रोज बरोबर असणारी पोरं. 'इथे' म्हणालाय. 'करतोय' म्हणालाय, म्हणजे सध्या हातात असलेलं काहीतरी. आणि मग ते 'ना गं'. लहानपणी रात्री कधीतरी जाग आल्यावर शेजारच्या अंथरुणातून त्याने 'ताई, आहेस ना गं?' असं विचारलं असेल. तो सूर मला यात ऐकू येतो. तुझ्या डोक्यात चार महिने जो प्रश्न घोळतोय तोच तुला त्याच्या तोंडून ऐकू आला आणि तू दचकलीस. साहजिक आहे.

माझा अंदाज असा, आणि तो चुकूही शकतो, की तिकडे काहीतरी घडलंय. नाक्यावर वेळेत न थांबलेली एखादी गाडी, घर सोडून जायला लावलेलं एखादं कुटुंब, शेजारची रिकामी झालेली कॉट. लढाईतल्या माणसाला असा प्रश्न सहसा बातम्या वाचून पडत नाही, एखाद्या विशिष्ट दिवसामुळे पडतो. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर वर्षानुवर्षं उपचार करणाऱ्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ध्यानात आलं की जिवाच्या भीतीने झालेली जखम वेगळी आणि 'जे व्हायला नको होतं ते माझ्यासमोर झालं, किंवा माझ्या हातून झालं' ही जखम वेगळी. या दुसऱ्या जखमेला १९९० च्या दशकात 'मॉरल इंज्युरी' हे नाव मिळालं. 'तुझी काही चूक नाही रे' म्हणून ती बुजत नाही, कारण आपण काय पाहिलं ते त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. 'तुम्ही सगळे हिरो आहात' म्हटल्याने तर तो आणखी एकटा पडतो.

तेव्हा पुढच्या फोनला पहिलं वाक्य हे: 'त्या दिवशी लाइन चांगली होती रे. मला उत्तर सुचेना म्हणून मी फोन ठेवला.' अवघड आहे, पण त्याला ते तेव्हाच कळलं असणार. कुठला आवाज खरा आणि कुठला फसवा, हे ओळखण्यावर ज्याचा जीव टिकून आहे त्याला बहिणीचं 'हॅलो, हॅलो' ओळखता येत नाही होय!

मग विचार, 'काही झालंय का?' आणि गप्प बस. तीन मिनिटांतलं अर्धं मिनिट शांततेत गेलं तरी जाऊ दे. तो 'काही नाही, असंच' म्हणाला तर खोदू नकोस. त्याच्या मागे फोनसाठी चार जण रांगेत उभे असतील, कुणीतरी ऐकत असेल, काय बोलायचं नाही याचे नियम असतील. कुठे आहेस, कधी निघणार, कुठे जाणार, हे तर चुकूनही विचारू नकोस. 'आल्यावर सांग, जे असेल ते. मी ऐकेन,' एवढं पुरे.

मात्र 'जे असेल ते' म्हणण्याआधी स्वतःला एकदा विचार. तो खरंच बोलला आणि जे सांगितलं ते भयंकर असलं, तर तू काय करशील? दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना 'बघा, माझा भाऊच सांगतो' असं म्हणशील का? तसं झालं तर तो तुला पुन्हा काही सांगणार नाही, आणि बहुधा दुसऱ्या कुणालाही नाही. त्याने सांगितलेलं त्याचं आहे. ते जाहीर करायचं की नाही, केव्हा, कुणासमोर, हे त्याने ठरवायचं. युद्धाविरुद्ध बोलायला तुझ्याकडे तुझी कारणं आहेत, ती वापर.

आणि त्याने थेटच विचारलं, 'तुला हे युद्ध पटतं का?' तर? तर खरं सांग, एका वाक्यात. 'मला खूप शंका आहेत, पण त्या तुझ्याबद्दलच्या नाहीत.' त्याच फोनमध्ये निदर्शनाचंही सांगून टाक. तो फोटो बाबांपर्यंत गेला तसा त्याच्यापर्यंतही जाईल, आणि पाठवणारा तो पदरचा मजकूर जोडून पाठवेल. तुझ्याकडून कळलेलं बरं. त्याला वाईट वाटेल कदाचित. वाटू दे. पण वाद घालू नकोस. यावर मी इतकं ठासून का बोलतेय ते सांगते.

माझाही धाकटा भाऊ सैन्यात होता. त्याला जिथे पाठवलं होतं ती मोहीम मला साफ नापसंत होती. तुझ्यासारखी मी निम्मी-निम्मी नव्हते, वयच तसं होतं. मी त्याला चार पानी पत्र लिहिलं, सोबत वर्तमानपत्रातली कात्रणं घातली, आणि महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारल्या. पंधरा-वीस दिवसांनी उत्तर आलं. 'कात्रणं मिळाली. एकाच्या मागे शब्दकोडं होतं. आम्ही चौघांनी मिळून सोडवलं, पण कात्री चालवताना तू आडवा सात अर्धा कापलास. उरलेला पाठव.' लाल रेघांबद्दल एक अक्षर नाही! मी चिडले. ह्याला काही कळतच नाही, म्हणाले.

वीसेक वर्षांनी, निवृत्त होऊन घरी आल्यावर, कशावरून तरी विषय निघाला तेव्हा तो म्हणाला की ते पत्र त्याने तीनदा वाचलं होतं. 'निम्मं तरी पटलं होतं मला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे गस्तीला निघायचं होतं. ते पटलेलं घेऊन मी जाणार होतो कुठे?'

माझ्या मुद्द्यांत खोट होती असं मला आजही वाटत नाही. पत्ता चुकला होता. जो निर्णय त्याने घेतलेला नव्हता त्याचा जाब मी त्याला विचारत होते, कारण त्याचा पत्ता माझ्याकडे होता आणि ज्यांनी घेतला त्यांचा नव्हता.

आता मैत्रिणीचा प्रश्न. 'कुणी गेलंच नाही तर युद्ध होईल कसं?' ऐकायला बिनतोड वाटतं. पण युद्धाच्या जबाबदारीचे दोन भाग फार पूर्वीपासून वेगळे मानले गेलेत: युद्ध पुकारण्याची आणि युद्धात कसं वागलं याची. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५-४६ मध्ये न्यूरेम्बर्गला खटला चालला तेव्हा आक्रमक युद्ध छेडल्याचा आरोप राज्यकर्त्यांवर आणि सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांवर ठेवला गेला, खंदकातल्या शिपायावर नाही. त्याच खटल्याने 'वरून हुकूम होता' एवढ्यावर कुणाची सुटका होणार नाही, हेही ठरवलं. म्हणजे युद्धाचं ओझं शिपायाच्या खांद्यावरून उतरवलं, पण त्याच्या हातांचं त्याच्याकडेच ठेवलं.

हे दुसरं आपण सोयीने विसरतो, म्हणून सांगते. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाय इथे अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत होते, तेव्हा ह्यू थॉम्पसन या अमेरिकी वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मधोमध उतरवलं आणि काही जणांचे जीव वाचवले. मायदेशी त्याला बरीच वर्षं शिव्याच मिळाल्या. सैन्याने त्याचं शौर्य पदक देऊन मान्य केलं ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. तुझा भाऊ 'बरोबर करतोय ना' विचारतोय, म्हणजे त्याच्या आतला हा काटा अजून हलतोय. मला तरी यात काळजीपेक्षा दिलासाच जास्त दिसतो.

आणि सैनिकांना शंका नसतात असं तुझ्या मैत्रिणीला वाटत असेल तर तिला हे सांग. पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१७ च्या उन्हाळ्यात जाहीर निवेदन काढलं, की हे युद्ध ज्यांना थांबवता येईल तेच ते लांबवताहेत आणि मी यात पुढे भाग घेणार नाही. पार्लमेंटमध्ये ते वाचून दाखवलं गेलं. कोर्टमार्शल करायचं सोडून त्याला 'मनावर परिणाम झालाय' म्हणून इस्पितळात धाडलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आघाडीवर गेला. मत बदललं नव्हतं, पण त्याची माणसं तिकडे होती. यात विसंगती आहे? असेल. तुझ्या मोज्यांत आहे तेवढीच.

बाबांच्या बाजूचं बोलताना मला अर्जेंटिना आठवतं. मार्च १९८२ च्या शेवटी तिथल्या लष्करी राजवटीविरुद्ध ब्यूनोस आयर्समध्ये मोठा मोर्चा निघाला, पोलिसांनी तो मोडून काढला. तीनच दिवसांनी, २ एप्रिलला, त्याच राजवटीने ब्रिटनकडे असलेली फॉकलंड बेटं ताब्यात घेतली आणि राजधानीतला मुख्य चौक जल्लोषाने भरून गेला. लोकांनी दागिने दिले, स्वेटर विणले. बेटांवर मात्र अठरा-एकोणीस वर्षांची, सक्तीने भरती झालेली पुष्कळ पोरं अपुऱ्या कपड्यांत, अर्धपोटी थंडीत पडून होती. ती कुठे आणि कशी आहेत, हे विचारण्याची तेव्हा सोय नव्हती. विचारेल तो देशद्रोही. १४ जूनला शरणागती झाली. परतलेल्या पोरांना लोकांच्या नजरेआड आणलं गेलं, जे पाहिलं ते बोलायचं नाही अशा कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. जल्लोष करणारे घरी गेले होते. बेटांवर मागे राहिलेल्या अर्जेंटिनी मृतांना १९८३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने, जेफ्री कार्डोझोने, एकेक करून नीट पुरलं आणि प्रत्येकाच्या नोंदी ठेवल्या. शंभराहून अधिक थडग्यांवर नावच नव्हतं: 'फक्त देवाला ठाऊक असलेला अर्जेंटिनी सैनिक'. २०१७ मध्ये रेड क्रॉसने त्यांची ओळख पटवायला घेतली तेव्हा शत्रूच्या अधिकाऱ्याच्या त्या नोंदी उपयोगी पडल्या.

हे बाबांना ऐकवायला सांगत नाहीये मी! ते तुझ्यासाठी आहे. प्रश्न विचारल्याने सैनिकाचा घात होतो, असं कुणी म्हणालं की तुझ्या मनात निदान एक उदाहरण असावं.

बाबांशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ते युद्धाबद्दल बोलतच नाहीयेत. मुलाचं काही बरंवाईट झालं तर ते कशासाठी झालं, याचं उत्तर त्यांना आजच तयार ठेवावं लागतंय. तू फलक धरलास तेव्हा ते उत्तर त्यांच्या हातातून निसटलं. शंका बाळगणं तुला परवडतं, त्यांना परवडत नाही. हे लिहिताना मला त्यांची बाजू घ्यायची नाही. त्यांनी तुझ्याशी अबोला धरणं मला अजिबात पसंत नाही. पण त्यांच्या रागाच्या खाली काय आहे ते तुला ठाऊक असलं म्हणजे प्रत्येक टोमण्याला उत्तर देण्याची गरज वाटणार नाही.

निदर्शनाला पुन्हा जायचं का? जा, पटत असेल तर. फक्त तिथे हातात जो फलक येईल त्यावरचं वाक्य आधी वाच आणि स्वतःला विचार, हा फलक धरून मला भावासमोर उभं राहता येईल का? 'युद्ध थांबवा', 'खरी कारणं सांगा' हे धरता येईल. त्याला खुनी म्हणणारा नाही धरता येणार. शेजारची बाई तसला धरून उभी असेल तर दोन पावलं लांब उभी राहा, किंवा तिला सांग की माझा भाऊ तिकडे आहे. बोलणं लगेच बदलतं, अनुभवाने सांगते.

दोन्हीकडे खोटं वागतेय का, असं तू विचारलंस. वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या मृतांचं एक स्मारक आहे, १९८२ मधलं. त्या युद्धाने अमेरिकेत घराघरांत भांडणं लावली होती. तिथून परतलेल्या सैनिकांनी पुढाकार घेऊन लोकवर्गणी जमवली आणि आराखड्याची स्पर्धा ठेवली. अट अशी होती की मृतांची सगळी नावं हवीत आणि युद्धाबद्दल राजकीय भाष्य नको. माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा निवडला गेला: जमिनीत उतरत गेलेली काळ्या ग्रॅनाइटची भिंत, आणि तिच्यावर नावं, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने. आज अठ्ठावन्न हजारांहून जास्त आहेत. पुतळा नाही, झेंडा नाही, हे कसलं स्मारक म्हणून आधी काही माजी सैनिकच खवळले होते. पुढे जवळच झेंडा आणि पुतळा उभारावा लागला. पण गर्दी होते ती भिंतीपाशी. दगड इतका घोटलेला आहे की नाव वाचताना वाचणाऱ्याचा चेहरा त्यात दिसतो. युद्धाच्या बाजूचे येतात, विरोधातले येतात, त्याच दगडावर बोट फिरवतात.

आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन. भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेत लढताना २५ नोव्हेंबर १९८७ ला ते गेले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ती सेना तिथे पाठवायला हवी होती का, यावर आजही जाणती माणसं भांडतात. पण तो वाद मिटेपर्यंत पदक द्यायचं थांबा, असं कुणी म्हणालं नाही.

तर नाही, तू खोटं वागत नाहीयेस. खोटं एकच झालं, ते फोनवर, आणि ते दुरुस्त करता येण्यासारखं आहे.

तो घरी येईल तेव्हा पहिल्या आठवड्यात काही विचारू नकोस, आणि नातेवाइकांनाही विचारू देऊ नकोस. 'किती जणांना उडवलंस' विचारणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो, त्याला दारातच गाठ. झोप लागत नसेल, आवाजाने दचकत असेल, पिणं वाढलं असेल, स्वतःच्या जिवावर उदार झाल्यासारखं बोलत असेल, तर मात्र 'होईल हळूहळू' म्हणत बसायचं नाही. अशा सैनिकांबरोबर काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. त्यासाठी लढाई पटलेली असावी लागत नाही.

मोजे एव्हाना झाले असतील. ते पाठव. पार्सलवर पत्ता लिहायचं काम बाबांना दे. बोलणार नाहीत, पण अक्षर सुवाच्य काढतील. आणि आत दोन-चार शब्दकोडी टाक. कापताना कडेने नीट काप.

— तुझी ताई